सातव्या महिन्यातली कावीळ आणि आमच्या घरातलं पाणी

गेल्या महिन्यात शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी माझं नाव विचारत विचारत घरी आली. पाचवा महिना होता तिचा. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, तुम्हाला प्रेग्नन्सीत कावीळ झालेली ना? मग तुम्ही आता पाणी कुठलं पिता?"

मी तिला दहा-पंधरा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. ती गेल्यावर मात्र वाटलं की निम्मं राहूनच गेलं. ते राहिलेलं इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कल्याणच्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते, त्यामुळे औषधांची नावं यात सापडणार नाहीत. जे झालं तेवढंच सांगते.

दोन प्रकारचं पाणी

मी प्रज्ञा. माझा नवरा नितीन ठाण्याला नोकरी करतो. लग्नानंतर आम्ही टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे, बाग आहे, पण पाण्याची बोंब. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून उन्हाळ्यात टँकर येतात आणि सगळं खालच्या टाकीत एकत्र होतं. त्या पाण्याला कधी मातीचा वास, कधी औषधाचा. म्हणून प्यायला प्रत्येक घरी वीस लिटरचा सीलबंद जार. आमच्याकडेही.

पाचव्या महिन्यात माझ्या सासूबाई कळव्याहून मदतीला आल्या. मी त्यांना आईच म्हणते. आल्या दिवशी त्यांनी किचन पाहिलं, जार पाहिला आणि मोठ्या पातेल्यात नळाचं पाणी उकळायला ठेवलं.

"आई, जार असताना कशाला गॅस जाळताय? आणि ह्या गरमीत?"

"मला सवय आहे गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी पण ठेवू का थोडं?"

मी नको म्हटलं. उकळलेलं पाणी मला सपक लागायचं. त्या दर चार दिवसांनी पुन्हा विचारायच्या, मी दर वेळी नको म्हणायचे. शेवटी एकदा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "आई, ते सीलबंद असतं, मशीनमधून आलेलं. तुमच्या वेळेसारखं नाही आता." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. घरात एका बाजूला आमचा जार, दुसऱ्या बाजूला त्यांचं झाकलेलं पातेलं, असं दोन महिने चाललं.

निदानाचा दिवस

सातव्या महिन्यात जेवणाची शिसारी बसली. फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं. सगळ्यांनी सांगितलं, असं होतं. मीही तेच धरून बसले. अंगात कणकण होती, पण परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. मला वाटलं गणितात अडलंय. ती म्हणाली, "मॅडम, तुमचे डोळे पिवळे दिसतायत."

तास संपवून मी स्टाफरूमच्या आरशात पाहिलं. खरंच पिवळे होते, हळदीचं बोट फिरवल्यासारखे. मधल्या सुट्टीत रिक्षा करून माझ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी लगेच रक्त घ्यायला लावलं आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी जाऊ दिलं नाही. नितीन ठाण्याहून पोचला तेव्हा त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. दार लावलं तिथेच मला कळलं.

"पाण्यातून होणारी कावीळ आहे," त्या म्हणाल्या. "एरवी माणूस घरी विश्रांती घेऊन बरा होतो. पण पोटात बाळ असताना ही कधी कधी फार वेगाने वाढते. मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलमध्ये बोलले आहे, आत्ता निघा."

मग त्यांनी विचारलं, "मागच्या दीड-दोन महिन्यांत बाहेरचं पाणी? सरबत, बर्फ?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "आम्ही फक्त जारचं पितो."

हे मी ज्या ऐटीत सांगितलं ती ऐट मला अजून आठवते. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

शंभरातून सात

माजिवड्याजवळच्या त्या हॉस्पिटलमध्ये मी एकोणीस दिवस होते. खिडकीतून पुलावरच्या गाड्या दिसायच्या, आवाज मात्र यायचा नाही. सकाळी सहाला रक्त. मग वजन. मग पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके. ती तेवढी वेळ चांगली असायची. कुणीतरी घाईघाईने जिना चढत असावं तसा तो आवाज. माझी काळजी घेणाऱ्या सिस्टर यंत्राचा आवाज मुद्दाम मोठा करायच्या आणि दुसरं काहीतरी काम असल्यासारखं दाखवत पाच मिनिटं तसाच ठेवायच्या. मी त्यांच्याकडे ते कधी मागितलं नव्हतं.

नऊला तरुण लेडी डॉक्टर यायच्या आणि रोज तेच प्रश्न. आज वार कोणता? आपण कुठे आहोत? आणि शेवटी, "शंभरातून सात वजा करत या."

पहिल्या दिवशी मला हसू आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी गणिताची टीचर आहे."

"मग तर सोपंच," त्या म्हणाल्या. "यकृत नीट काम करेनासं झालं की डोक्यावर धुकं येतं. ते आम्हाला असं आधी कळतं."

चौथ्या की पाचव्या सकाळी मी सुरू केलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. मग काहीच येईना. शहाऐंशी हा आकडा समोर उभा होता आणि त्यातून काहीतरी काढायचंय एवढं कळत होतं, पण किती काढायचंय तेच हातातून सुटत होतं. मी म्हटलं, "ऐंशी... ऐंशीच्या जवळचं काहीतरी." पेपरात उत्तर चुकलेल्या मुलांसारखी मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे. उद्या करू." आणि तासाभरात मला आयसीयूत हलवलं.

भीतीबद्दल लोक विचारतात. खरं सांगायचं तर मरणाची भीती वाटायला डोकं जागेवर लागतं. माझी सगळी भीती त्या एका सकाळपुरती होती, जेव्हा मला माझंच गणित येईना. पुढचे तीन दिवस मला तुकड्यातुकड्यांतच आठवतात. खरी भीती बाहेर बसलेल्या दोघांच्या वाट्याला आली. माता आणि बाळ दोघांपैकी कुणाचीच खात्री देता येत नाही, असं लिहिलेल्या कागदावर नितीनने सही केली. तो मला हे कितीतरी महिन्यांनी बोलला, तेही भाजी निवडताना, मान वर न करता.

आयसीयूतलं एक नीट आठवतं. कुणीतरी माझे केस विंचरून घट्ट वेणी घालत होतं. त्या सिस्टर होत्या की आई, मला आजही माहीत नाही. दोघींनाही विचारलं, दोघीही म्हणतात दुसरीने घातली असेल.

आयसीयूतल्या चौथ्या सकाळी डॉक्टर आल्या. मी त्यांनी विचारायच्या आधीच सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. त्या म्हणाल्या, "पुरे." मी थांबले नाही. पासष्ट, अठ्ठावन्न, एकावन्न करत खाली खाली उतरत दोनपर्यंत आले आणि मग रडले. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "इथपर्यंत मी स्वतः कधी गेलेले नाही."

नितीनने आणलेली बाटली

वॉर्डात परत आल्यावर दोनच दिवसांनी नितीनने बॅगेतून एक छोटी बाटली काढली. कुणाच्या तरी ओळखीने आणलेला काविळीचा झाडपाल्याचा रस. "तीन दिवसांत उतरते म्हणतात. डॉक्टरांना सांगायला नको." माझा नवरा इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींना हसणारा. त्याने झाकण उघडून बाटली माझ्यापुढे धरली. मीही हात पुढे केला. बरं व्हायची इतकी घाई झालेली की कुणी काहीही दिलं असतं तरी प्यायले असते.

आईंनी मधेच ती बाटली घेतली आणि बेसिनमध्ये ओतली.

"आई, काय करतेयस तू?"

"डॉक्टरने पहिल्या दिवशीच सांगितलंय, बाहेरचं औषध द्यायचं नाही. लिव्हरवर भार पडतो."

नितीनचा तोल गेला. "एवढं कळतं तुला? मग घरात रोज पाणी उकळत होतीस, तेव्हा हिला का नाही पाजलंस? स्वतःपुरतं उकळलंस?"

शेजारच्या पेशंटचे नातेवाईक बघायला लागले. आई बेसिनचा नळ बंद करत राहिल्या, तो आधीच बंद होता. मी उठून बसायचा प्रयत्न केला आणि म्हटलं, "नितीन, मी नको म्हटलेलं. दर वेळी मीच नको म्हटलेलं."

आजारपणात घरातली माणसं एकमेकांना काय बोलतात ते फार मनावर घेऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते. नितीन दुसऱ्या दिवशी आईंच्या आवडीचा मऊ भात डब्यात घेऊन आला, स्वतः शिजवलेला, खाली लागलेला. आईंनी सगळा खाल्ला.

सुमन

घरी आले तेव्हा डोळे अजून फिकट पिवळे होते आणि पाय काठीसारखे झालेले. आई आता घरातलं सगळं पाणी उकळत होत्या. जार बंद झालेला. एका दुपारी मी किचनच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. खळखळ उकळी आली तरी आईंनी गॅस बंद केला नाही, पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. आणि तशाच पाठमोऱ्या बोलल्या.

"सुमन म्हणून माझी मोठी जाऊ होती. कळव्याच्या चाळीत एकत्र राहायचो. आठवा होता तिला. डोळे पिवळे झाले, आम्हाला वाटलं उन्हाने. मग कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने हातावर काहीतरी चोळलं, परातीत पिवळं पाणी दाखवलं, म्हणाला उतरली. पाचव्या दिवशी ती मला ओळखेना. मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण?"

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"दोघं गेली. नंतर कळलं, चाळीच्या नळाचा पाइप गटारातून गेलेला. तेव्हापासून उकळते मी."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"पोटुशी बाईला असलं कसं सांगायचं?" त्यांनी गॅस बंद केला. "आणि वाटलं, ही शिकलेली, नवी बिल्डिंग, सीलबंद पाणी. मलाच वाटलं की माझं जुनं झालं."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. माझं पोट मधे येत होतं, त्यामुळे नीट मिठीही मारता येईना. आम्ही दोघी तशाच पातेल्याशी उभ्या राहिलो, वाफेत.

छोट्या बाटल्या

शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम मला भेटायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे मुलांच्या प्रकल्पासाठी आणलेल्या पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या होत्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. त्यांनी बजावून सांगितलं, "ही बाटली कावीळ दाखवत नाही हं. घाण मिसळलीय की नाही, एवढंच सांगते."

आम्ही तीन भरल्या. एक शेजारच्यांच्या नव्या जारमधली, कारण आमचा बंद होता आणि त्यांचा जारवाला तोच. एक आमच्या नळाची, म्हणजे खालच्या टाकीतली. एक आईंच्या पातेल्यातली.

माझा सगळा राग जारवर होता. पण दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या काळ्या पडल्या. जारची आणि टाकीची, दोन्ही. तिसरी तशीच राहिली. त्यामुळे मला कावीळ नेमकी कशाने झाली हे मी आजही सांगू शकत नाही. जार पीत होते, पण दात त्याच टाकीच्या पाण्याने घासत होते, कोथिंबीर त्यातच धूत होते.

आईंनी तिन्ही बाटल्या चष्मा लावून पाहिल्या. "मी म्हटलं नव्हतं?" असं त्या म्हणतील म्हणून मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या आंघोळीचं पाणी काढू?"

हरेशदादा

आम्हाला जार देणारे हरेशदादा जवळच्याच गावातले. त्यांची स्वतःची बोअर, स्वतःचं फिल्टरचं मशीन. मी आजारी होते हे कळल्यावर चार शहाळी घेऊन आले. त्यांना काय काय सुनवायचं ते मी हॉस्पिटलमध्ये पाठ केलेलं.

"जार का बंद केला ताई? पानी चांगला हाय आपला. माझे घरची सगली तेच पितात."

मी जारच्या पाण्याची काळी बाटली पुढे केली; दुसरी टेबलावर होती. ती कशाची ते सांगितलं. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"आनि ही दुसरी?"

"आमच्या टाकीची."

ते सोफ्याच्या कडेवर बसले. म्हणाले, "माझी म्हातारी दोन महिने झोपून व्हती. तिला बी कावीळ. मना वाटला लग्नात जेवली, त्यातून झाली." मग माझ्या पोटाकडे पाहून पटकन नजर वळवली. "बाळ बरा हाय ना?"

मी पाठ केलेलं काहीच बोलले नाही. नितीनने त्यांना चहा दिला. जाताना त्यांनी विचारलं, "अशी एक बाटली मना मिलेल?"

त्यांच्या बोअरचीही काळी आली. त्यांनी जार बंद ठेवले, मशीन खोलून दुरुस्त केलं आणि काही महिन्यांनी नवी बाटली घेऊन दाखवायला आले. ती स्वच्छ होती. मी खरंच मनापासून म्हटलं, "चांगलं झालं, दादा." जार मात्र परत लावला नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

टाकीचं काम नितीनने अंगावर घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "बघू" म्हणणाऱ्यांच्या समोर त्याने ती काळी बाटली टेबलावर ठेवली. टाकी उपसली तेव्हा कळलं की ड्रेनेजचा चेंबर तिच्या भिंतीला खेटून आहे आणि तिथे ओली चीर आहे. चीर बुजवली, चेंबर दुरुस्त केला, टाकी धुतली. आता दर काही महिन्यांनी कुणीतरी बाटली भरून ठेवतं. कधी कंटाळा केला जातो, मग आठवण करावी लागते.

आणि घरात आम्ही काय करतो ते, त्या मुलीने विचारलेलं म्हणून. नळाचं पाणी आधी फडक्यातून गाळतो. खळखळ उकळी आल्यावरही काही मिनिटं उकळू देतो. त्याच भांड्यात झाकून गार करतो, मग नळ असलेल्या स्टीलच्या पिंपात. पिंप रोज घासून, त्याच उकळलेल्या पाण्याने विसळून. कुणी पेला बुडवत नाही, हात घालत नाही. चूळही त्याच पाण्याची. शाळेत बाटली घरून. बाहेर विसरले तर गरम चहा पिते, थंड काही नाही. कुणाकडे मशीन असेल तर चांगलंच, पण त्याची निगा वेळेवर राखावी लागते. आमच्याकडे ते होणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. सपक चवीची सवय मला दोन आठवड्यांत झाली.

मैत्री

बाळ सदतिसाव्या आठवड्यात झालं. मुलगी, अगदी बारकी, आवाज मात्र खणखणीत. तिचं नाव मैत्री ठेवलं. तिसऱ्या दिवशी सिस्टर सहज म्हणाल्या, "हिला थोडी कावीळ दिसतेय, निळ्या लाइटखाली ठेवू," आणि बाळाला घेऊन निघाल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि बाळ परत माझ्या कुशीत देऊन शेजारी बसल्या. "अगं, ही ती नाही. नव्या बाळांमध्ये बऱ्याच जणांना होते. दोन दिवसांत जाईल." दोन दिवसांत गेली. पण त्या दोन दिवसांत मी डोळ्याला डोळा लावला नाही, हेही लिहायला हवं. आजार रिपोर्टमधून आधी जातो, माणसातून नंतर.

सहा महिने मैत्री फक्त माझ्या दुधावर होती. मला त्यात फार सुरक्षित वाटायचं. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता वरचं सुरू करा, नाचणीची पेज द्या, मधे मधे चमचाभर पाणी द्या.

पेज दिली. पाण्याचा दिवस मात्र मी पुढे ढकलत राहिले. आज ऊन नाही, आज सर्दी वाटतेय. आई सगळं बघत होत्या. एका सकाळी त्यांनी वाटी आणि चमचा उकळून घेतला, वाटीत पाणी घेतलं आणि मैत्रीला मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं त्याच पाजतील. त्यांनी चमचा माझ्या हातात दिला.

"आई, तुम्ही द्या ना."

"तू दे."

चमच्यात पाणी घेतलं आणि हात हवेतच थांबला. मी त्या पाण्याकडे बघत होते. काही दिसत नव्हतं त्यात. दूषित पाण्यातही काही दिसत नव्हतं, हेच तर मला माहीत झालेलं. आईंनी मैत्रीची मान हाताने सावरून धरली होती. त्यांनी घाई केली नाही, "काही होत नाही" असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या माझ्याबरोबर थांबल्या.

मग मी चमचा तिच्या ओठांना लावला. तिने पाणी तोंडात घेतलं, जिभेने इकडेतिकडे केलं, भुवया उंचावल्या, अर्धं हनुवटीवर सांडलं. जन्माला आल्यापासून तिने पाणी चाखलंच नव्हतं. ती क्षणभर विचारात पडली आणि मग पुन्हा तोंड उघडलं.